उपयोगिता प्रमाणपत्र

जत पंचायत समितीत माझं टेबल खिडकीजवळ,
म्हणून माझ्या फायलींवर धूळ जरा जास्त.
त्यातलीच ही एक, लाल दोरीची :
लोकर प्रक्रिया केंद्र, बिरोबाचा माळ, उमदी रस्ता.
मंजूर नऊ लाख चाळीस हजार.
पहिला हप्ता खर्ची.
दुसरा हप्ता अडलाय एका फोटोवर.

फोटो असा हवा, परिपत्रक सांगतं,
की यंत्र चालू दिसावं, लाभार्थी दिसावेत,
आणि कोपऱ्यात अक्षांश-रेखांश.
डिसेंबरात सर्व्हर बंद होता.
जानेवारीत मीच बंद होतो.
फेब्रुवारीत ऊन लवकर आलं.
आज तीस मार्च.
उद्या रात्री बाराला पैसा माघारी जातो,
सांगली, पुणे, मुंबई, आल्या वाटेनं,
त्याला कुठं मुक्कामही करावा लागत नाही.

प्रस्तावात कुणीतरी लिहिलंय, 'माडग्याळी मेंढीची लोकर'.
माडग्याळीच्या अंगावर लोकर असते किती
हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.
ती मटणाची. लोकर काळ्या दख्खनीची.
पण वरच्या मजल्यांवर माडग्याळ हे नाव ऐकलेलं,
आणि ओळखीच्या नावाला मंजुरी लवकर मिळते.

दुपारी पोचलो.
माझ्याहून उंच फलक,
आत पिंजणयंत्र गोणपाट पांघरून गप्प.
मल्लव्वा हुबाले म्हणाली,
"आत्ता कसलं चालतंय सायेब?
थ्री फेज ह्या हप्त्यात रातीचं हाय.
बारा ते आठ. मग आमी बी रातीच्याच."
तिचा हप्ता म्हणजे आठवडा.
माझा दचका उगाच गेला.

थांबलो. कोरा चहा मिळाला,
दूध कोकरांचं होतं.

बारा वाजून सात मिनिटांनी
मोटर आधी कण्हली, मग पट्ट्यानं पकड घेतली.
अकरा बायका.
चार पोरं लोकरीच्या ढिगावर निजलेली.
एकीच्या नाकाला फडकं, बाकीच्यांना खोकला;
मास्क दुसऱ्या हप्त्यात आहेत.
बेअरिंग गेलं होतं महिन्यापूर्वी,
ते सात जणींनी वर्गणी काढून विजापूरहून आणलं.
पावती नाही.
असती तरी माझ्या कुठल्या रकान्यात ती बसली असती?

रकाना आठ : उत्पन्नात झालेली वाढ, टक्के.
विचारणं भाग होतं, विचारलं.
मल्लव्वानं पिंजलेला पुंजका तळहातावर तोलला.
"आदी ही टाकून देत हुतो.
टाकायचं इकलं तर टक्के किती हुत्यात,
तुमीच सांगा की."
शून्यानं भागता येत नाही,
शाळेत शिकलो होतो. गरज आज पडली.

मोबाइल वर धरला.
फोटो अस्पष्ट. कृपया दिवसा प्रयत्न करा.
मी ते मोठ्यानं वाचलं,
पट्ट्याच्या आवाजात पहिल्यांदा कुणाला कळलं नाही,
मग हसू एका टोकाकडून निघालं
आणि दुसऱ्या टोकाला खोकल्यात संपलं.

गंगव्वाचा पुतण्या काही न बोलता उठला,
ट्रॅक्टर आणून दारात लावला,
दोन्ही दिवे थेट आत.
तेव्हा दिसलं, हवेत किती लोकर आहे.
मघापासून आम्ही तीच ओढत होतो आत,
पोरंही, झोपेत.
मल्लव्वानं पदर सारखा केला.
बाकीच्यांचे हात थांबले नाहीत.
फोटो निघाला.

रेंज नव्हती. पाण्याच्या टाकीवर चढलो,
चपला खाली काढून, का ते माहीत नाही.
तीन वाजत आलेत. बोर नदीचं पात्र
चांदण्यात ओलं असल्यासारखं दिसतंय, नाहीये.
पडद्यावर एक चाक फिरतंय,
खाली शेडमध्ये दुसरं.
बाहीला चिकटलेली काळी लोकर
झटकतोय, निघत नाही.

बासष्ट टक्के.
मल्लव्वा खालून विचारतेय, किती झालं.
बासष्ट, म्हटलं.
बासष्ट.